बासष्ट म्हणजे काय?

‘संगणकाला फक्त ० आणि १ समजतात’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, की त्यातली चूक लक्षातच येत नाही. प्रोसेसरला, म्हणजे संगणकातल्या हुकूम पाळणाऱ्या चिपला, समजत काहीच नाही. मग तो काम कसं करतो? हे पाहायला इंटेलचा १९७६ सालचा ८०८५ पुरे. त्यात जेमतेम साडेसहा हजार ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे इवलेसे स्विच, आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या कितीतरी पिढ्या त्याच्यावरच शिकल्या.

मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची रांग. एका कप्प्यात ० ते २५५ मधली एक संख्या. समजा, कप्पा १०० पासून ओळीने ६२, ५, ६, ३, १२८, ११८ ठेवल्या. ५ आणि ३ यांची बेरीज करणारा हा अख्खा प्रोग्राम झाला.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट: प्रोग्राम काउंटर. पुढचा कप्पा कोणता, एवढंच तो धरून ठेवतो. आत्ता त्यात १०० आहे. प्रोसेसर हा पत्ता तारांवर मांडतो, मेमरीतून ६२ येतो, काउंटर १०१ होतो. ६२ चे आठ बिट, म्हणजे आठ ०-१, डिकोडरमध्ये (हुकूम ओळखणाऱ्या भागात) शिरले की ठरावीक गेट, म्हणजे विजेच्या वाटा, उघडतात, आणि पुढच्या कप्प्यातली संख्या ‘ए’ रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या कप्प्यात, जाते. म्हणजे ५. त्यानंतरचा ६ हेच ‘बी’ रजिस्टरसाठी करतो; तिथे ३ बसतो. १२८ आला की ‘ए’मध्ये ‘बी’ मिळवायचा. ही बेरीज प्रत्यक्षात पुढचा ११८ आणायचं काम सुरू असतानाच उरकते, तेवढाच वेळ वाचतो. ११८ म्हणजे थांब.

पण काउंटरमध्ये चुकून १०१ असता तर? प्रोसेसरने ५ उचलला असता, आणि ५ हा ८०८५ मध्ये हुकूमही आहे: ‘बी’मधून एक वजा कर. त्याने निमूट वजा केलं असतं. मग ‘बी’त ३ भरून, ‘ए’मध्ये आधीचं जे काही पडलं असेल त्यात तो मिळवला असता. तोच ५ एकदा आकडा, एकदा आज्ञा! अर्थ संख्येत नाही, काउंटर तिच्यापाशी कधी पोचतो यात आहे.

म्हणून ‘पत्रिका कॉम्प्युटरने काढली आहे, चुकेल कशी?’ हा युक्तिवाद मला अस्वस्थ करतो. ग्रहांची गणितं बरोबर येतीलही. मंगळामुळे लग्न मोडतं का, हे १२८ तपासत नाही.

आता ११८ च्या जागी १९५, १००, ० ठेवून पाहा. १९५ म्हणजे पुढच्या दोन कप्प्यांतला पत्ता काउंटरमध्ये भर. काउंटर पुन्हा १०० वर येतो, पुन्हा ६२ उचलला जातो, आणि वीज असेपर्यंत ५ आणि ३ यांची बेरीज चालू राहते.