खोकला, लहान मुलांचा (गोवा)

खोकला, लहान मुलांचा : श्वासमार्गात साचलेला कफ, शिरलेला धूर किंवा अडकलेला अन्नाचा कण बाहेर फेकण्यासाठी शरीर जी प्रतिक्षिप्त क्रिया करते तिला खोकला म्हणतात. कोकणीत याला खोंकली म्हणतात. खोकला हे आजाराचे लक्षण आहे, स्वतः आजार नव्हे. बहुतेक वेळा तो मुलाचे रक्षणच करत असतो. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणे हे सर्वसाधारण मानले जाते. विषाणूमुळे झालेला साधा खोकला निम्म्या मुलांत दहा दिवसांच्या आत थांबतो, मात्र दहांतल्या एखाद्या मुलात तो पंचवीस दिवसांनंतरही रेंगाळतो. हे माहीत नसल्यामुळे चौथ्या दिवशी डॉक्टर बदलणारी घरे पुष्कळ आहेत. उलट, खरोखर धाप लागलेले मूल ‘सर्दीच आहे, उतरेल’ म्हणून रात्रभर घरात ठेवणारी घरेही आहेत, आणि दुसरी चूक फार महाग पडते.

गोव्यात जूनमध्ये पाऊस लागतो, भिंतींना ओल धरते, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी येते, ओले कपडे घरातच वाळत घालावे लागतात. त्याच सुमारास अंगणवाड्या भरू लागतात. मग चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे कुटुंब मूळ घरी जमते. दहा-बारा मुले एकाच खोलीत झोपतात आणि एकाचा खोकला सगळ्यांना लागतो. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांतल्या मराठी घरांना हा क्रम तोंडपाठ असतो.

श्वास पाहणे

मूल किती मोठ्याने खोकते यावरून आजाराची तीव्रता कळत नाही. ती श्वासावरून कळते. घसा फुटेस्तोवर खोकणारे मूल मधल्या वेळात खेळत, खात-पीत असेल तर काळजी कमी. न खोकता निपचित पडलेले, भराभर श्वास घेणारे मूल मात्र ताबडतोब दवाखान्यात हवे.

जुन्या बायका अशा धापेला ‘पोट उडतंय’ म्हणतात, आणि हे निरीक्षण अचूक आहे. फुप्फुस कडक झाले किंवा श्वासनळ्या आखडल्या की श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ठरवलेली न्यूमोनियाची खूण याच दोन गोष्टींवर उभी आहे: छाती आत ओढली जाणे आणि श्वासाची गती. दोन महिन्यांहून लहान बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल तर तो वेगवान समजतात. मोजताना मूल शांत हवे. रडत असताना किंवा अंगावर पीत असताना मोजू नये. सदरा वर करून, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून, पोटाची हालचाल मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण बाळांचा श्वास मुळात एकसारखा नसतो.

ओठ किंवा जीभ निळसर होणे, दूध-पाणी घेता न येणे, सगळे उलटून टाकणे, झटके, हाक मारूनही नीट जागे न होणे, शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येणे, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणे, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. दोन महिन्यांहून लहान बाळाच्या बाबतीत ताप, मंद चोखणे किंवा मध्येच काही क्षण श्वास थांबणे एवढेही पुरेसे कारण आहे. काही घरांत कोविडनंतर बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर आहे. तो मोठ्यांच्या बोटासाठी केलेला असतो. तान्ह्या बाळाला नीट बसत नाही आणि हात गार असले तर चुकीचा आकडा दाखवतो. आकडा नीट मिळाला आणि ९४ च्या खाली राहिला तर डॉक्टरांकडे, ९० च्या खाली असेल तर थेट इस्पितळात जावे. आकडा चांगला असला तरी मूल धापत असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

आवाजांचे अर्थ

काही खोकले आवाजावरून ओळखू येतात. रात्री अचानक कुत्रा भुंकावा तसा खोकला सुरू झाला, आवाज बसला आणि श्वास आत घेताना सूं-सूं होऊ लागले, तर बहुधा ते स्वरयंत्राच्या सुजेचे, म्हणजे क्रूपचे लक्षण असते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांत ते अधिक दिसते. रडण्याने सूज अधिक अडचणीची ठरते, म्हणून मुलाला कडेवर घेऊन शांत ठेवणे हाच पहिला उपचार. चमचा घालून घसा तपासू नये. इस्पितळात स्टेरॉइडची एकच मात्रा बहुधा पुरते, धाप अधिक असल्यास ॲड्रेनलिनची वाफ देतात.

दोन वर्षांखालच्या बाळाला, विशेषतः पावसाळ्यात, नाक गळून दोन-तीन दिवसांनी घरघर आणि धाप सुरू होते, तो ब्राँकिओलायटिस. तो प्रामुख्याने आरएसव्ही नावाच्या विषाणूने होतो. तिसरा ते पाचवा दिवस सर्वांत कठीण जातो. अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नसतो आणि नेब्युलायझरचाही अनेकदा होत नाही. नाकात मीठपाण्याचे थेंब, थोडे थोडे पण वारंवार दूध, आणि गरज पडल्यास ऑक्सिजन हाच आधार. दर वाफेगणिक ‘आता बरे वाटेल’ म्हणून वाट पाहणाऱ्या पालकांना ही गोष्ट आधीच सांगितली गेली तर त्यांची तगमग पुष्कळ कमी होईल.

दमा रात्री आणि पहाटे त्रास देतो, धावल्यावर व हसल्यावर उफाळतो, आणि ओल व धुळीतले सूक्ष्म कीटक त्याला खतपाणी घालतात. ‘पंप लावला की सवय लागते’ ही समजूत अजून जिवंत आहे. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि मास्कमधून दिलेले औषध थेट नळ्यांत पोहोचते आणि त्याची मात्रा तोंडाने घ्यायच्या औषधापेक्षा कितीतरी कमी असते. सवय लागत नाही.

गोव्यात एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, ती काजूगराची. एक ते तीन वर्षांच्या मुलाला खेळता-खेळता अचानक ठसका लागला, चेहरा लाल झाला, मग ते ‘ठीक’ झाले आणि आठवड्याने एका बाजूला घरघर सुरू झाली, तर श्वासनलिकेत दाणा गेल्याची शंका घ्यावी. काजू, शेंगदाणा, चणा एक्स-रेत दिसत नाहीत आणि आत राहिले की फुगून सूज आणतात. अशा मुलाला महिनाभर न्यूमोनियाची औषधे दिली जातात, कारण त्या ठसक्याचा प्रसंग कोणी सांगितलेला नसतो. उपाय दुर्बिणीने दाणा काढणे हाच. घरात काजू फोडून सुकत घातलेले असतात तिथे पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती अख्खा गर देऊ नये. दाणा अडकून मूल खोकूही शकत नसेल, आवाज फुटत नसेल, तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथे घेऊन पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीवर पाच दाब द्यावेत. मोठ्या मुलाला पाठीमागून बेंबीच्या वर दाब द्यावा. घशात आंधळेपणाने बोट घालू नये.

डांग्या खोकला हा बोर्डेटेला पर्ट्युसिस या जिवाणूने होतो; झ्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०६ मध्ये तो वेगळा करून दाखवला. उबळीमागून उबळ, शेवटी लांब हूप (श्वास आत ओढतानाचा आवाज) आणि उलटी, असा तो आठवडेच्या आठवडे चालतो. तान्ह्या बाळाला हूप येतच नाही; ते नुसते निळे पडते किंवा श्वास थांबवते. त्याला हा आजार बहुधा घरातल्याच मोठ्या माणसाकडून लागतो, ज्याचा खोकला ‘साधा’ समजला गेलेला असतो.

घरचे उपाय

तुळस, आले, अडुळसा, पानओवा, गवती चहा, धणे-जिऱ्याचा कसाय (काढा) ही गोमंतकीय घराची औषधपेटी. एक वर्षावरील मुलाला कोमट, सौम्य कसाय देण्यात हरकत नाही. पोटात ओलावा जातो आणि घशाला बरे वाटते. झोपताना अर्धा चमचा मध खोकला कमी करतो, हे चाचण्यांतही दिसले आहे. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नये, कारण मधातील क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू त्याच्या आतड्यात विष तयार करू शकतात. सुवर्णप्राशन असो वा आजीची गुटी, मध नकोच.

तीन गोष्टी सोडून द्याव्यात, असे प्रस्तुत नोंदकाराचे स्पष्ट मत आहे. पहिली, ओवा-वेखंडाची धुरी. ज्याच्या नळ्या आधीच सुजल्या आहेत त्याला धुरात धरणे हा उपचार होऊ शकत नाही. डासांची अगरबत्ती आणि चुलीचा धूरही त्याच माळेतले. दुसरी, नाकाला किंवा छातीला कापराचे तेल. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. तिसरी, फेणी. छातीला चोळणे वा ‘थेंबभर’ पाजणे, दोन्ही नको. मद्याने लहान मुलाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. गरम पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाकवून वाफ देताना भाजल्याची उदाहरणेही कमी नाहीत. आजीला हे सांगताना तिचा अपमान होऊ नये. तिचे ‘पोट उडतंय’ हे वाक्य कोणत्याही यंत्राइतकेच मोलाचे असते.

बाटलीतले औषध

फार्मसीत जाऊन ‘पोराला खोकल्याचे काहीतरी द्या’ म्हणणे ही सर्वांत रूढ आणि सर्वांत धोक्याची वाट आहे. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देण्याजोगी नाहीत. या सूचनेमागे मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन झालेले मृत्यू होते; वीसहून अधिक मुले गेली. तपासात एका सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक सापडले. हे विष भारताला नवे नव्हते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये त्याच द्रावकाने दूषित झालेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली होती.

विष नसलेल्या बाटलीबद्दलही प्रश्न उरतोच. लहान मुलांत या मिश्रणांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि गुंगी, धडधड हे त्रास मात्र खरे आहेत. सिरप घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली, उलट्या सुरू झाल्या, तर बाटली न फेकता सोबत घेऊन इस्पितळ गाठावे. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली पुन्हा सुरू करणे, भावाचे औषध बहिणीला देणे, हेही टाळावे. मुलांची मात्रा वजनावर ठरते.

इस्पितळाची वाट

गोव्यात बालरोगांची सर्वांत मोठी सरकारी सोय बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडच्या गोमेकॉत आहे. पणजीत १८४२ मध्ये सुरू झालेली पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळा ही त्याची पूर्वज संस्था. म्हापसा आणि मडगाव येथे जिल्हा इस्पितळे आहेत. लोक अजून त्यांना आझिलो आणि हॉस्पिसियो म्हणतात. फोंडा आणि चिखली येथे उपजिल्हा इस्पितळे, तर पेडणे, वाळपई, कुडचडे, काणकोण येथे सामाजिक आरोग्य केंद्रे आहेत. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची मराठी कुटुंबेही बांबोळीला येतात. १०८ ची रुग्णवाहिका विनाशुल्क येते आणि तिच्यात ऑक्सिजन असतो. धापणाऱ्या मुलाला स्कूटरवर दोघांच्या मधे बसवून नेण्यापेक्षा ती बोलवावी. काणकोणहून करमल घाट उतरून मडगाव गाठायचे तर पावसात वेळ लागतो. अशा वेळी आधी जवळच्या केंद्रात ऑक्सिजन सुरू करून मग पुढे पाठवणे सुरक्षित.

गोव्यात किमान पाच वर्षे राहणाऱ्या कुटुंबांसाठी २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. खाजगी इस्पितळात दाखल करायची वेळ आली तर कार्ड चालू आहे का, हे मूल बरे असतानाच पाहून ठेवावे.

डॉक्टरांपुढे मूल अनेकदा शांत होते आणि आईचे सांगणे हवेत राहते. म्हणून रात्रीच्या उबळीचा, उडणाऱ्या पोटाचा मोबाईलवर व्हिडिओ काढावा. तो शंभर शब्दांहून अधिक सांगतो. लसीकरणाचे कार्ड, मुलाचे वजन, दिलेल्या औषधांच्या बाटल्या, दिवसात किती वेळा लघवी झाली, मूल महिने भरण्याआधी जन्मले होते का, घरात कोणाला क्षयरोग आहे का, कधी ठसका लागला होता का, ही माहिती तयार हवी. ‘काही नाही, व्हायरल आहे’ असे उत्तर मिळाले तर एकच प्रश्न विचारावा: कोणती लक्षणे दिसली तर परत यायचे? जे डॉक्टर याचे नेमके उत्तर देतात त्यांच्यावर भरवसा ठेवावा. उत्तर न देता दटावून पाठवले आणि मूल अजून धापत असेल, तर दुसऱ्या इस्पितळात जाण्यात संकोच मानू नये.

लसी

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील पेंटाव्हॅलंट लसीत डांग्या खोकल्याची लस असते. पुढचे डोस दीड-दोन वर्षांच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांला. न्यूमोकोकल लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात देतात. दोन्ही सरकारी केंद्रांत मोफत आहेत. सर्दी आहे म्हणून लस पुढे ढकलू नये.

लांबलेला खोकला

चार आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याची नीट तपासणी व्हायला हवी: छातीचा एक्स-रे, आणि मूल सहा वर्षांचे झाले असेल तर फुंकर मारून करायची फुप्फुसांची चाचणी. रोज ओला, कफाचा खोकला असेल आणि इतर काही सापडत नसेल तर नळ्यांत रेंगाळलेला जिवाणूसंसर्ग असू शकतो. तो दोन ते चार आठवड्यांच्या योग्य अँटिबायोटिकने जातो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप आणि न वाढणारे वजन अशी सांगड दिसली, किंवा घरात क्षयरुग्ण असेल, तर क्षयरोगाची चाचणी करावी. लहान मूल थुंकी काढून देऊ शकत नाही. सकाळी उपाशीपोटी नळीने पोटातला द्रव काढून तो तपासता येतो. नुसत्या एक्स-रेवर ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ (लहान मुलांचा क्षय) म्हणून सहा महिन्यांची औषधे सुरू करण्याआधी ही चाचणी झाली आहे का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. चाचणी आणि औषधे दोन्ही राष्ट्रीय कार्यक्रमात विनामूल्य मिळतात.