वाचनाचा गुणाकार आणि घरची भाषा

स्थलांतरित किंवा भाषिक अल्पसंख्य कुटुंबातलं मूल शाळेत मागे पडू लागलं की पालकांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘घरीसुद्धा शाळेचीच भाषा बोला.’ सल्ला देणाऱ्याला मुलाचं भलंच हवं असतं. पण त्यामागे एक समजूत असते: डोक्यातली जागा ठरलेली आहे, एका भाषेने ती अडवली की दुसरीला कमी पडते. भाषा अशी साठत नाही. कशी साठते हे समजून घ्यायचं तर मूल वाचतं कसं, इथपासून सुरुवात करावी लागते.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. पहिली म्हणजे उकल, छापलेल्या अक्षरांवरून शब्द ओळखणं. दुसरी म्हणजे आकलन, तोच मजकूर कुणी वाचून दाखवला असता तर किती कळला असता ते. यात बेरीज नाही, गुणाकार आहे, आणि सगळी गंमत तिथेच आहे. उकल ०.९ आणि आकलन ०.३ असेल तर हाती येतं ०.२७. म्हणूनच एखादं मूल धडा घडाघडा वाचून दाखवतं आणि त्याखालच्या पहिल्याच प्रश्नाला गप्प बसतं. त्याला आणखी मोठ्याने वाचायला लावून उपयोग नाही, कारण लहान आहे तो दुसरा गुणक.

घरची भाषा या दोन्ही गुणकांना मदत करते, पण वेगवेगळ्या तऱ्हेने आणि वेगवेगळ्या वेगाने.

आधी उकल. वर्णमालेच्या लिपीत वाचायला शिकताना मुलाला एक विलक्षण शोध लागावा लागतो: बोललेला शब्द सुट्या ध्वनींत फोडता येतो. देवनागरीत ‘क’ हे एक अक्षर, पण त्यात क् आणि अ असे दोन ध्वनी आहेत, हे आपल्यालाही कुणीतरी सांगितल्यावरच कळलं. इंग्रजी शाळेत आलेल्या, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेत टेबलासाठी ‘मेसा’ हा शब्द माहीत असतो. शिक्षक विचारतात, यातला पहिला आवाज काढला तर काय उरतं? ‘एसा’. म् च्या जागी प् घातला तर? ‘पेसा’. हा खेळ जमला की मुलाने शब्दाची शिवण उसवायला शिकलं म्हणायचं. ही उसवण्याची हातोटी स्पॅनिशपुरती राहत नाही. स्पॅनिश घरांतल्या पहिलीच्या मुलांचा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात ज्यांना स्पॅनिशमध्ये ध्वनी फोडणं आणि शब्द वाचणं चांगलं जमत होतं, त्यांना इंग्रजी शब्दच नव्हे तर इंग्रजी वळणाचे निरर्थक, बनवलेले शब्दही वाचणं सोपं गेलं. पाठ न केलेला शब्द वाचता येतो याचा अर्थ यंत्रणाच पलीकडे गेली आहे. अक्षर म्हणजे आवाज, हे माणूस आयुष्यात एकदाच शिकतो.

मात्र सगळं जसंच्या तसं पलीकडे जात नाही, आणि शिक्षकांची गफलत नेमकी इथे होते. म, प, त, स, ल या ध्वनींची अक्षरं दोन्ही भाषांत जवळजवळ सारखंच काम करतात. त्यांवर आठवडे घालवायचे कारण नाही. अडतं ते वेगळीकडे. स्पॅनिशमध्ये स्वर पाच, इंग्रजीत त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक कानालाच ऐकू येत नाही. (ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करणाऱ्या आपल्याला हे दुःख समजायला हरकत नाही.) शब्दाच्या सुरुवातीला स् आणि त्याला लागून दुसरं व्यंजन स्पॅनिशमध्ये येत नाही, म्हणून ‘स्कूल’चं ‘एस्कूल’ होतं. आणि एच हे अक्षर स्पॅनिशमध्ये मुकं असतं. ह च्या जवळचा आवाज तिथे ‘जे’ हे अक्षर देतं.

आता एक वही उघडून पाहा. मुलाने ‘हाउस’ हा शब्द लिहिलाय: जे, ए, यू, एस. लाल शाईने फुली मारली की काम संपलं असं वाटतं. पण नीट बघितलं तर मुलाने ह, आ, उ, स हे चारही आवाज बरोबर ऐकले आहेत, बरोबर क्रमाने मांडले आहेत आणि प्रत्येकासाठी स्पॅनिशच्या नियमाने अक्षरही अचूक निवडलं आहे. त्याचं ध्वनींचं काम पूर्ण झालंय. त्याला फक्त दोन गोष्टी सांगायच्या आहेत: इंग्रजीत ह साठी एच लिहायचा, आणि या शब्दातला ‘आउ’ ओ आणि यू मिळून लिहायचा. ज्याने याच शब्दासाठी अक्षरं कशीही टाकली आहेत त्याला ध्वनी फोडण्यापासून शिकवावं लागेल. दोघांनाही फुली एकच, उपाय मात्र पूर्ण वेगळा.

लिपीच वेगळी असेल तर अक्षरांची मदत आटते, पण शब्दांची घडण पोचते. चिनीत रेल्वेला ‘हुओछे’ म्हणतात. हुओ म्हणजे आग, छे म्हणजे गाडी. आपली आगगाडीच! संगणक म्हणजे ‘दिएन्नाओ’, विजेचा मेंदू. शब्द जोडून शब्द होतो, याची ज्याला घरून सवय आहे त्याला इंग्रजीतले जोडशब्द फोडून दाखवले की तो पुढचे आपले आपण फोडू लागतो. स्पॅनिश-इंग्रजीत तर हजारो शब्द एकाच मुळातून आले आहेत. पण ते मुलाच्या आपोआप लक्षात येत नाहीत, शेजारी शेजारी लिहून दाखवावे लागतात, आणि फसवे शब्दही सांगावे लागतात. स्पॅनिश ‘फाब्रिका’ म्हणजे इंग्रजी ‘फॅब्रिक’सारखं कापड नव्हे, कारखाना.

आकलनाची गोष्ट संथ आहे. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची रोजची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद केला, त्याचा इथे उपयोग होतो. मैदानावर मूल साधारण दोनेक वर्षांत फाडफाड बोलू लागतं, आणि शिक्षकांची समजूत होते की याला भाषा आली. पण ‘बाष्पीभवनाचा वेग पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो’ असलं वाक्य मैदानावर कुणी बोलत नाही. टोरांटोमधल्या स्थलांतरित मुलांच्या आकडेवारीवरून कमिन्स यांनी काढलेला अभ्यासाच्या भाषेचा कालावधी ५ ते ७ वर्षांचा आहे. केंजी हाकुता आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तो ४ ते ७ वर्षं सांगितला. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव २२७ ने अशा मुलांना साधारणपणे एक वर्षाहून जास्त नाही असा खास इंग्रजी वर्ग दिला आणि मग थेट मुख्य वर्गात बसवायचं ठरवलं. एक वर्ष आणि किमान चार वर्षं, हा हिशेब जुळणारच नव्हता. २०१६ मध्ये मतदारांनीच तो कायदा मोडीत काढला.

या मधल्या वर्षांत मुलाचं ज्ञान थांबू नये, यासाठी घरची भाषा हवी. बाष्पीभवन म्हणजे काय हे ज्याला एका भाषेत कळलंय त्याला दुसऱ्या भाषेत फक्त नाव हवं. ज्याला कळलेलंच नाही त्याला नाव आणि कल्पना दोन्ही एकदम उचलावी लागतात, तीही अशा मजकुरातून जिथे पाच शब्दांमागे एक अनोळखी आहे. आधाराशिवाय मजकूर नीट समजायला ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द ओळखीचे लागतात, असं शब्दसंपत्तीचे अभ्यासक सांगतात.

वर्गात याची एक पद्धत चांगली चालते. सुरुवातीची ५ ते १० मिनिटं घरच्या भाषेत: आज काय बघणार, कोणते पाच-सहा शब्द येणार. मग पूर्ण धडा शाळेच्या भाषेत, चित्रं आणि प्रयोगांसह. शेवटी पुन्हा ५ ते १० मिनिटं घरच्या भाषेत, पण आता बोलायचं मुलांनी. बिघडतं ते प्रत्येक वाक्याचं लगेच भाषांतर केल्यावर. मुलं हुशार असतात. दोन मिनिटांत आपल्या भाषेत येणारच आहे हे कळलं की पहिलं वाक्य ऐकणंच सोडून देतात.

दोन्ही भाषांत शिकवणाऱ्या वर्गांचा उपयोग होतो का, याचं उत्तर अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये बऱ्यापैकी स्वच्छ मिळालं, कारण तिथे प्रवेश सोडतीने दिले जात होते. म्हणजे ‘जागरूक पालकांचीच मुलं तिथे गेली’ ही शंका आपोआप गळते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सोडतीत नंबर लागलेली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे ७ महिने आणि आठवीत सुमारे ९ महिने पुढे होती. इंग्रजीचे तास कमी होऊनही.

‘दोन भाषांनी गोंधळ होतो’ ही समजूत १९२३ च्या वेल्समधल्या एका अभ्यासाने शास्त्रीय वेशात फिरत राहिली. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९६२ मध्ये माँट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांची, घरची आर्थिक स्थिती जुळवून घेऊन तुलना केली आणि चित्र उलटलं. पण उलट टोकाला जाऊन ‘द्विभाषिक मेंदू जास्त तल्लख’ असं सांगत फिरणंही बरोबर नाही. साडेचार हजारांहून अधिक मुलांच्या २०१९ मधल्या विश्लेषणात लक्ष आणि आत्मनियंत्रणाच्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. दोन भाषा शिकवायला मेंदूच्या जाहिरातीची गरज नाही. मुलाला धडा कळतो, आजीशी बोलता येतं, एवढं कारण भरपूर आहे.

चाचणी घेताना तर फार काळजी हवी. समजा मुलाला एका यादीतल्या ६० वस्तूंची नावं घरच्या भाषेत येतात, ५० ची शाळेच्या भाषेत, आणि ३० ची दोन्हीत. शाळा ५० मोजते आणि ‘शब्दसंपत्ती कमी’ असा शेरा मारते. खरा आकडा ६० अधिक ५० उणे ३०, म्हणजे ८०. भांड्यांची नावं स्वयंपाकघरात शिकली आणि भौमितिक आकृत्यांची वर्गात, तर ती वेगवेगळ्या भाषांत असणारच. शेरा मारण्याआधी दोन्ही भाषांत मोजावं. तरीही शंका राहिली तर चाचणी घ्यावी, तीच गोष्ट थोडा वेळ शिकवावी आणि पुन्हा चाचणी घ्यावी. ज्याला फक्त भाषेचा सराव नव्हता तो सहसा झपाट्याने सुधारतो. शिकवूनही फारसा हलत नाही त्याला वाचादोषतज्ज्ञांकडे पाठवावं.

एका वर्गात बारा भाषा असतील तर बारा शिक्षक मिळणार नाहीत, हे खरंच. पण त्या भाषा तिथे येऊ शकतात. लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये शिक्षकांना मुलांच्या घरी पाठवलं, तपासायला नव्हे, शिकायला. शेती, बांधकाम, औषधी वनस्पती, व्यापार यांचं ज्ञान घराघरांत होतं, आणि त्यातून धडे तयार झाले. सणाच्या दिवशी वेशभूषा करून फोटो काढण्यापेक्षा हे काम कितीतरी जड आहे आणि कितीतरी मोलाचं.

पालकांना द्यायची सूचनाही मग बदलते. घरी आपलीच भाषा बोला, आणि भरपूर बोला. शिक्षकांनी शुक्रवारी पुढच्या आठवड्याच्या धड्यांवरचे दोन प्रश्न लिहून द्यावेत: ‘वाळत घातलेले कपडे वाऱ्यात लवकर का वाळतात?’ आईवडिलांनी त्यावर आपल्या भाषेत मुलाशी बोलावं, चुकलं तरी चालेल. सोमवारी वर्गात ‘बाष्पीभवन’ हा शब्द फळ्यावर येईल तेव्हा त्याला टांगायची खुंटी घरून ठोकून आलेली असेल.