स्केलिंग (मशीनने दात साफ करणं) केल्यावर दात हलायला लागतात का?

"दात साफ करून घेऊ नका, मशीन लावलं की दात ढिले होतात" हे घरोघरी ऐकायला मिळतं. आणि वाटणं साहजिक आहे, कारण साफ करून आल्यावर काहींना दात खरंच हलताना जाणवतात.

पण आधी काय झालेलं असतं बघा. हिरडीखाली कीटण साचतं, त्यातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं की दाताला धरणारं हाड हळूहळू झिजतं, तेही बहुतेक वेळा न दुखता. म्हणजे दात आधीच सैल झालेला असतो, फक्त कीटणाचा दगडासारखा थर शेजारच्या दातांना जखडून ठेवतो, तो निघाला की खरी परिस्थिती कळते. फटी दिसतात, थंड लागतं ते पण त्यामुळेच. मशीन हाडाला हातही लावत नाही.

खात्री करायचीय? साफ करायच्या आधीच एक्स-रे मागा, हाड किती उरलंय ते त्यात दिसतं. डॉक्टर बारीक सळईने दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली मोजतात, ती पण विचारा, साधारण ३ मिमीपर्यंत ठीक, ४ मिमी किंवा जास्त आणि सोबत रक्त येत असेल तर लक्ष द्यायला हवं. गेलेलं हाड सहसा आपोआप भरून येत नाही, काही ठिकाणी सर्जरीने थोडं येतं, म्हणून कृपया भीतीपोटी थांबू नका, उरलेलं हाड वाचवता येतं.