सीझरच्या मिरवणुकीतली हवा

ज्युलिअस सीझर रोममधली कॅपिटोल टेकडी चढला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना 40 हत्ती दिवे घेऊन चालत होते, असं रोमन चरित्रकार सुएटोनिअस लिहितो. इटालियन चित्रकार आंद्रेया मांतेन्याने ते हत्ती रंगवले. इटलीतल्या मांतोवाच्या गोन्झागा घराण्यासाठी 1480च्या दशकात त्याने सीझरच्या विजययात्रेची ही चित्रमालिका हाती घेतली. एकूण नऊ कॅनव्हास, प्रत्येक जवळपास पावणेतीन मीटर लांब-रुंद. लुटीची भांडी, खांबांवर टांगलेली चिलखतं, कैदी आणि शेवटी रथात सीझर. 1629 साली इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने गोन्झागांचा संग्रह विकत घेतला, त्यानंतर ही चित्रं लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आली.

त्यांचे हाल मात्र पुढे झाले, आणि तेही बहुतेक काळजीपोटी.

मांतेन्याने रंग तेलात नव्हे, तर सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद) आणि अंड्यात कालवले होते. असा रंग वाळला की पाणी उडून जातं, चिकटद्रव्य जेमतेम उरतं आणि रंगकणांमध्ये हवा शिरते. हवेचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचं माप) 1, रंगकणांचा 1.5 किंवा त्याहून जास्त. या तफावतीमुळे प्रकाश प्रत्येक कणावर विखुरतो आणि चित्र फिकट, उजळ, बिनचकाकीचं दिसतं. पण त्या पोकळ्यांत तेल, वार्निश किंवा मेण भरलं (अपवर्तनांक 1.4 ते 1.5) की तफावतच संपते. वडापावचा कागद तेलाने पारदर्शक होतो ना, तसंच. रंग गडद होतो, खालचा थर डोकावतो.

18व्या शतकाच्या सुरुवातीला लुई लागेर या चित्रकाराने मूळ रंगावर सरसकट नवे हात मारले. 1930च्या दशकात एका जीर्णोद्धारकाने चित्रांत मेण मुरवलं. रंगाचे पोपडे धरून ठेवायला ते उपयोगी, पण मूळ चित्राचं तेज ज्या हवेवर होतं तीच त्याने हुसकावली.

1962 पासून जीर्णोद्धारक जॉन ब्रेली यांनी बारा वर्षं खपून हे थर उतरवले. कणांच्या फटीत एकदा शिरलेलं मेण सगळं बाहेर काढणं जवळपास अशक्य, त्यामुळे मूळचा कोरडा उजळपणा पूर्ण परतला नाही. सातव्या, म्हणजे कैद्यांच्या चित्रात लागेरच्या थराखाली मांतेन्याचा रंग जवळजवळ उरलेलाच नव्हता. तिथे ब्रेलींनी लागेरचं काम तसंच ठेवलं. मला हा निर्णय पटतो. ते खरवडून हाती कोरं कापडच आलं असतं.