चौपाखी गॅरेजवर मंगळुरी कौलं : ऑर्डर देण्याआधी वाचा

चौपाखीला, म्हणजे चारही बाजूंना उतरत्या छपराला, कौलं फार जास्त लागतात असं अनेकांना वाटतं. उतार आणि वळचण (भिंतीबाहेर येणारी छपराची कड) तीच ठेवली तर छपराचं क्षेत्रफळ दोन उतारांच्या दुपाखीइतकंच भरतं. वाढतात ती वाया जाणारी कौलं आणि मजुरी, आणि ही दोन्ही वाढतात ती चार कोपऱ्यांवरच्या कोनांपायी, म्हणजे शेजारचे दोन उतार मिळतात त्या तिरक्या कडांपायी.

१२ बाय १८ फुटांचं गॅरेज घ्या. चहूबाजूंनी दीड फूट वळचण धरली की १५ बाय २१. ३० अंश उताराला चारही पाखी (उतरत्या बाजू) मिळून साधारण ३६४ चौरस फूट, म्हणजे ३४ चौरस मीटर. चौरस मीटरला १५ या हिशेबाने सुमारे ५१० कौलं, कोनांच्या कापाकापीला बारा टक्के वाढवून ५७०. कोनावर कापलेल्या कौलाचा उरलेला तुकडा समोरच्या कोनाला चालत नाही, त्याची तिरकी कड उलटी पडते. चार कोन प्रत्येकी साडेअकरा फूट आणि माथ्याचं आढं ६ फूट, मिळून ५२ फुटांना आढ्याची कौलं ५० घ्या. शिवाय वीस साधी कौलं बाजूला ठेवा. दुसऱ्या कारखान्याच्या कौलाची खाच बहुतेक वेळा जुळत नाही, आणि कोकणात वानरं दरवर्षी दोन-चार फोडतातच.

पाखं ३० अंशांचं असलं तरी कोनाची रेघ जेमतेम २२ अंश भरते. त्यामुळे ३० अंशांखालचा उतार आम्ही करत नाही.

रीपांचं (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर साधारण साडेबारा इंच, पण आकडा पाठ करून रीपा ठोकू नयेत. आलेल्या मालातली दहा कौलं जमिनीवर एकाखाली एक अडकवा, एकदा ताणून आणि एकदा दाबून मोजा, मधलं माप धरा. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच हवी. त्या ओळीखाली टेकायला दुसरं कौल नसतं. रीप नेहमीची ठेवली तर पहिली ओळ नाक खाली घालते आणि दुसरीशी फट पडते.

चौपाखीला सुरुवात करायला सरळ कड नसते. म्हणून पाख्याच्या मधोमध वळचणीला काटकोनात दोरी धरून तिथून दोन्हीकडे जायचं. एका बाजूला कौल वरून बसतं, दुसऱ्या बाजूला शेजारचं उचलून खाली सरकवावं लागतं. समोरासमोरची पाखी बरोबरीने चढवा. कोरडी कौलंच सव्वा टनाच्या पुढे जातात, सगळा भार एकीकडे आला तर सांगाडा कलतो.

कोनावरची कौलं दोरीने आखून ग्राइंडरने कापतात. कापताना कौलाच्या खालच्या अंगाचा, रीपेला अडकणारा दात गेला तर तुकडा रीपेवर टिकत नाही. त्याला भोक पाडून गंज न धरणाऱ्या तारेने बांधलंच पाहिजे. नुसत्या सिमेंटवर सोडलेला तुकडा एक-दोन पावसाळ्यांत घसरतो. वळचण, कोन आणि आढ्यालगतची कौलंही तारेने बांधा, वारा उपसतो तो याच जागी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

कोनावरची आढ्याची कौलं खालून वर लावायची, आधी पाण्यात भिजवून. कोरडं कौल सिमेंटच्या मसाल्यातलं पाणी शोषतं आणि मसाला भुसभुशीत राहतो. मसाला फक्त दोन्ही कडांना. पोकळी गच्च भरली की वजन वाढतं, तडे जातात आणि तो ओला गोळा पावसाळाभर वाशाला पाणी पाजतो. कोन आढ्याला मिळतात त्या दोन्ही टोकांना कौलांखाली ॲल्युमिनियमचा पत्रा घालतो. आमच्या दरात तो धरलेला आहे. दुसरीकडून दर घेतलात तर तेवढं विचारून घ्या.