युद्धकलांचे अद्भुतपट : वैविध्य आणि प्रतिनिधित्व

तलवारबाजी, कुंग-फू, लाठी-काठी अशा युद्धकलांना जादूची, दैवी शक्तीची किंवा दंतकथेची जोड देणाऱ्या चित्रपटांत कोणत्या वंशाच्या, लिंगाच्या, वयाच्या आणि जातीच्या माणसांना काय काम मिळते, याचा विचार या विषयात होतो. कला कुणाची, चेहरा कुणाचा आणि मार खायला कोण, असे त्याचे तीन रोकडे प्रश्न.

पुण्यात बसून ही चर्चा हाँगकाँगपासूनच सुरू करायचे कारण नाही. १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या प्रभातने १९३६ साली ‘अमरज्योती’ काढला. स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारला गेल्यावर समुद्री चाचेगिरीकडे वळणारी सौदामिनी त्यात दुर्गा खोटे यांनी रंगवली. जादूटोणा नसला, तरी हाती शस्त्र घेतलेली बंडखोर नायिका इथल्या पडद्यावर तेव्हाच आली होती. प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्याच सुमारास मुंबईत वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ (१९३५) गाजला. त्यातली राजकन्या झालेली नादिया ऑस्ट्रेलियात जन्मलेली, गोरी, सोनेरी केसांची; प्रेक्षकांनी तिला बिनतक्रार आपली मानले. गोरा चेहरा प्रत्येक वेळी लादलेलाच असतो, असे नाही.

चिनी ‘वूशिया’ चित्रपटांत, म्हणजे भटक्या तलवारबाज वीरांच्या कथांत, स्त्रीच्या हाती तलवार असणे नवलाचे नव्हते. किंग हू यांच्या ‘कम ड्रिंक विथ मी’ (१९६६) मध्ये पुरुषवेशातली नायिका डाकूंनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघते आणि खानावळीत त्यांच्या गराड्यात शांतपणे बसून राहते. भूमिका चेंग पेइ-पेइ यांची. त्या मूळच्या बॅले शिकलेल्या. याच चेंग आंग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००) मध्ये म्हाताऱ्या खलनायिकेच्या रूपात दिसतात. वुडांग या युद्धकलेच्या पीठाच्या गुरूने आपल्याला शय्येपर्यंत नेले, पण बाई म्हणून विद्या दिली नाही, हे तिचे जुने दुखणे. ते ऐकल्यावर तिला नुसती दुष्ट म्हणणे जड जाते. याच चित्रपटात मिशेल यो मलेशियाच्या, चाउ युन-फॅट हाँगकाँगचे. दोघांचीही मँडरिन, म्हणजे चित्रपटातली प्रमाण चिनी, उसनी. कोल्हापूरच्या मावळ्याने सदाशिव पेठी बोलावे, तसे ते अनेक चिनी कानांना खटकले. सबटायटल वाचणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

हॉलिवूडचा हिशेब वेगळा. व्हिडिओ गेमवर बेतलेल्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ चित्रपटांतला वीजदेव रायडेन जपानी पुराणकथांतून घेतलेला. १९९५ मध्ये तो गोऱ्या ख्रिस्तोफर लँबर्ट यांनी रंगवला, जपानी तादानोबू असानो यांना ती भूमिका मिळायला २०२१ उजाडले. ‘द लास्ट एअरबेंडर’ (२०१०) मध्ये आशियाई आणि इन्युइट (उत्तर ध्रुवाजवळचे आदिवासी) वळणाच्या जगातले नायक गोरे निघाले आणि शत्रूच्या गोटात देव पटेल, आसिफ मांडवी असे सावळे चेहरे. दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन स्वतः भारतीय वंशाचे, त्यामुळे वाद अधिकच चिघळला. पुढे देव पटेल यांनीच ‘मंकी मॅन’ (२०२४) केला. हनुमानकथेची सावली असलेल्या या चित्रपटात नायकाला आसरा देणारे आणि त्याच्या बाजूने लढणारे हिजडे आहेत. भारतातल्या चित्रपटगृहांत तो लागलाच नाही.

चेहऱ्यामागे अंग कुणाचे, हाही मुद्दा आहे. नायिकेचे स्टंट विग घातलेल्या पुरुषांकडून करवून घेण्याची पद्धत जगभर होती. ‘शोले’त (१९७५) हेमामालिनींचे स्टंट मात्र रेश्मा पठाण या बाईंनी केले.

मराठीत जातीचा पदर याहून ठळक आहे. कोल्हापूरच्या तालमींनी जपलेले मर्दानी खेळ पुण्याच्या मिरवणुकांत मुलीही करतात, आणि टाळ्या घेतात. दोरीवर चालणे आणि कसरती पिढ्यान्‌पिढ्या जगवणारा डोंबारी समाज मात्र पडद्यावर नायकाच्या जागी क्वचितच दिसतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हडपसरची पंच्याऐंशीच्या घरातली एक डोंबारी आजी पोटासाठी रस्त्यावर काठी फिरवताना देशभर व्हायरल झाली. अभिनेत्यांनी तिचे कौतुक केले, मदतही पाठवली. त्या वयाची योद्धी नायिका म्हणून घ्यावी, हे अजून तरी मराठी निर्मात्यांच्या डोक्यात आलेले दिसत नाही.