समुद्राच्या भीतीने वसलेली गावं: फ्रेंच रिव्हिएराची पार्श्वभूमी

१८८७ साली बडोद्याचे सयाजीराव महाराज प्रकृतीच्या कारणाने पहिल्यांदा युरोपला गेले. त्याच वर्षी निघालेल्या एका फ्रेंच पुस्तकामुळे फ्रेंच रिव्हिएराला, म्हणजे फ्रान्सच्या भूमध्य समुद्राकाठच्या पट्ट्याला, ‘कोत द अझूर’, म्हणजे निळा किनारा, हे नाव पडलं. पुढे बडोद्याच्या महाराणी सीतादेवींनी याच किनाऱ्यावरच्या मोनॅको या चिमुकल्या देशात बिऱ्हाड केलं, त्यामुळे तिथल्या माँटे कार्लो भागाचं नाव बडोदेकरांना काही नवं नाही. पण किनाऱ्याची ही श्रीमंती अलीकडची. बघण्यासारखी गावं तिच्या कितीतरी आधीची आहेत, आणि त्यांतली बरीचशी समुद्राला भिऊन डोंगरावर गेलेली.

नवव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या आंदालुसियातून आलेल्या हल्लेखोरांनी किनाऱ्यावरच्या सें-त्रोपे गावामागच्या डोंगरात ठाणं केलं. ते हटायला सुमारे ९७३ साल उजाडलं. त्यानंतरही उत्तर आफ्रिकेतल्या चाच्यांची धास्ती होतीच. म्हणून घरं कड्यावर, एकमेकांना खेटून. बाहेरच्या घरांच्या मागच्या भिंती हाच तट, आत शिरायला एखाद-दुसरा दरवाजा. आपल्या बडोद्याच्या पोळी, म्हणजे एका दरवाज्याआड खेटून बांधलेल्या घरांच्या वस्त्या, ज्याने पाहिल्यात त्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

याचा उत्तम नमुना म्हणजे एझ हे गाव, आणि फजितीही इथेच होते. रेल्वेचं ‘एझ-सुर-मेर’ स्टेशन समुद्रालगत आहे, जुनं गाव सुमारे ४२७ मीटर उंचीवर. स्टेशनवर उतरलं की गाव समोरच असेल असं गृहीत धरलेली माणसं वर बघत राहतात. तिथून जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या नावाची पायवाट वर जाते: दगडगोट्यांची, मधे पाणी न मिळणारी, सव्वा-दीड तासाची. पायथ्यापासून पावागड चढतात त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त चढण समजा. दरड किंवा आगीचा धोका असला की वाट बंद ठेवतात. शहाणपण यात, की नीस या इथल्या मोठ्या शहरातून बसने थेट वर जावं आणि उतरताना पायवाट धरावी. गुडघे दुखत असतील तर तेही नको. वरचा किल्ला चौदाव्या लुईच्या फौजेने १७०६ मध्ये पाडला. त्याच्या अवशेषांत आज निवडुंगांची बाग आहे.

विलफ्राँश या किनाऱ्यावरच्या गावाची गोष्ट उलटी. समुद्राचा नाका ताब्यात राहावा म्हणून तेव्हाचा इथला सत्ताधीश, आंजूचा दुसरा चार्ल्स, याने १२९५ मध्ये डोंगरावरच्या लोकांना करमाफी देऊन खाली बोलावलं. नावाचा अर्थच ‘मोकळं गाव’. इथली ‘र्‍यू ऑब्स्क्यूर’ ही गल्ली सुमारे १३० मीटर लांब आहे आणि जवळजवळ पूर्ण घरांखालून जाते. भर दुपारी आत शिरलं तरी डोळे सरावायला क्षणभर थांबावं लागतं. नीसहून लोकलने दहा मिनिटांच्या आत पोचता येतं, त्यामुळे अर्धाच दिवस हाताशी असेल तर हेच गाव निवडावं.

सरहद्दीने तर आणखी मजा केली. १८६० पर्यंत नीस सव्हॉय या इटलीतल्या राजघराण्याकडे होतं आणि व्हार नदी ही फ्रान्सशी हद्द. १८३४ मध्ये कॉलऱ्यामुळे ती बंद झाली. इटलीला निघालेले इंग्लंडचे लॉर्ड ब्रूम अडकले, जवळच्या कान नावाच्या कोळीवाड्यात उतरले आणि तिथेच जमीन घेऊन बसले. त्यांच्यामागे बाकीचे इंग्रज आले. पूर्वेकडच्या मांतोन गावाने लिंबू, तेल, पावावरच्या करांना कंटाळून १८४८ मध्ये मोनॅकोशी संबंध तोडला. १८६१ मध्ये मोनॅकोच्या राजाने मांतोन आणि रोकब्रूनवरचा हक्क चाळीस लाख फ्रँकला फ्रान्सला विकला. मुलूख गेला, मिळकत आटली, म्हणून मोनॅकोने जुगाराच्या अड्ड्यावर भिस्त ठेवली. तो इतका चालला की १८६९ मध्ये प्रजेचा आयकरच माफ झाला. मोनॅकोच्या झगमगाटाचं मूळ असं मांतोनच्या लिंबांत सापडतं!

१८६४ मध्ये रेल्वे नीसला पोचली, १८६८ मध्ये मोनॅकोला. पण येणारे यायचे ते हिवाळ्यात. उन्हाळ्यात हॉटेलांना कुलूप. उन्हाळी हंगाम १९२० नंतरचा, आणि १९३६ मध्ये फ्रेंच कामगारांना पगारी रजा मिळाल्यावर गर्दी कायमची झाली. जुलै-ऑगस्ट टाळा. आपली मे महिन्याची सुट्टी तिथे नेमकी सोयीची पडते. मांतोनचा लिंबू-उत्सव फेब्रुवारीत असतो, तेव्हा गाड्या खच्चून भरतात. नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. वलसाडजवळच्या तिथल किनाऱ्याच्या वाळूची सवय असलेल्यांनी रबरी चपला न्याव्यात.

चित्रांसाठी जाणाऱ्यांना सें-पोल (शागालची कबर), व्हाँस (मातिसचं चॅपल, रोज उघडं नसतं) आणि आंतीबचं पिकासो संग्रहालय पुरे. पहिल्या दोन्हींना रेल्वे नाही, बस आहे. सें-त्रोपेलाही रेल्वे नाही. उन्हाळ्यात रस्ता तासन् तास तुंबतो, म्हणून सें-राफाएलहून बोटीने जावं. खरं तर पहिल्या फेरीत ते गाळलं तरी चालेल.

शाकाहारींसाठी नीसचा ‘सोका’ आहे: चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेलं. बेसनाच्या पोळ्याचा सख्खा भाऊ. गरमच खावा, गार झाला की चामड्यासारखा लागतो. कांद्याचा ‘पिसालादिएर’ मात्र विचारून घ्या, त्यात अँचोव्ही मासळी असते.